खुशालच्या वाट्याच्या गोळ्या

तामसीत कुणाच्या घरी लेकरू आलं की पाण्याचं घंगाळ चुलीवर चढायच्या आधी मथुराबाईला निरोप जायचा. सकाळच्या बसने ती वांगी-मेथीचं गाठोडं घेऊन आदिलाबादला जायची, दुपारी मोकळं गाठोडं काखेत मारून परत यायची आणि मग कुणाच्या तरी न्हाणीत पाय लांब करून बसायची. पायांवर दुसऱ्याचं लेकरू. उभी हयात तिची अशीच गेली. कोवळ्या मानेला हात लावायचा म्हटलं की जिथं भल्याभल्या बाया थरथरतात, तिथं मथुराबाई गप्पा मारायची.

"काय रे कलेक्टर, कोनावर वरडून राह्यला? पानी गरम हाय म्हून? मंग काय बर्फ आनू?"

बाळाची आजी हसायची. पण तीच आजी लेकराला घ्यायला पुढे झाली की मथुराबाईचा आवाज बदलायचा. "आधी नखं दाखव." हात दोनदा धुवायला लावायची. बाळंतिणीचं लुगडं उन्हात वाळलं की सावलीत, हे वास घेऊन सांगायची. सरपंचाच्या बायकोलाही तिनं एकदा दारातून परत पाठवलं होतं. गावात स्वच्छतेचा विषय निघाला की तिचं नाव निघायचं आणि ते तिला ठाऊक होतं.

नजरही तशीच. उघड्या लेकराकडे पाहून तिला कळायचं की याची बरगडी उडते आहे. छातीच्या या दुखण्याला गावात डबा म्हणतात. कुणी त्यावर एरंडाचं पान शेकून लावतं, कुणी याहून वाईट काही करतं. मथुराबाई यातलं काही करत नसे. "मी न्हाऊ घालते बाप्पा, डबा काढत नाई. उठा, ऑटो बोलवा."

म्हणून तिची सून पूनम आठव्या महिन्यातच बाळंत झाली, आणि आदिलाबादच्या मोठ्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेल्या नातवाची बरगडी आत ओढली जाताना दिसली, तेव्हा नर्सच्या आधी मथुराबाईच ओरडली होती. तिथपर्यंत ती कुठे चुकली नव्हती.

चुकली ती पुढे.

नेहमीची इंजेक्शनं लेकराला लागू पडेनात. मग नमुना हैदराबादला गेला, रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई तेलुगू बोलणाऱ्या, आणि मथुराबाईचं तेलुगू बाजारापुरतं, किलो-पावशेरचं. म्हणून शुभांगी नावाच्या मराठी नर्सने व्हरांड्यात येऊन समजावून सांगितलं. लेकराच्या छातीत जंतू सापडला आहे, युरियाप्लाझ्मा त्याचं नाव. नेहमीच्या औषधाला तो दाद देत नाही. क्वचितच कुणाच्या रिपोर्टात येतो. औषध बदललं आहे, घाबरू नका. हाच जंतू पूनमच्या तपासणीतही निघाला, जन्माच्या वेळी आईच्या जागेतून तो लेकरापर्यंत गेला असणार. पूनमला गोळ्या दिल्या आहेत. तिला हा त्रास फिरून होऊ नये म्हणून तिच्या नवऱ्यानंही घ्यायच्या, या त्याच्या वाट्याच्या.

खुशाल तेव्हा रैतू बाजारात भाजीच्या गाड्यावर होता. गोळ्यांची पट्टी आईच्याच हातात आली.

एवढ्या बोलण्यातल्या मथुराबाईनं दोनच गोष्टी धरल्या. आईच्या जागेतून, आणि नवऱ्यालाही. त्या खालच्या दुखण्यांबद्दल तिनं ऐकलं होतं. लॉरीवर जाणाऱ्या माणसांना होतात ती. तिच्या घरात? जिथं उंबऱ्यावर चिखलाचा ठिपका टिकत नाही तिथं?

नेमकी तेव्हाच वांकिडीहून विहीणबाई आली. कौशल्याबाई, पूनमची आई. लेकीसाठी डब्यात गरम पेज घेऊन. व्हरांड्यातली बाकडी पेशंटच्या नातेवाइकांनी भरलेली. कुणी केळं सोलत होतं, कुणी डुलक्या घेत होतं. मथुराबाईच्या तोंडून निघालं ते चांगलं मोठ्यानं.

"विहीणबाई, लेक देताना नीट पाहून तरी द्यायची! कूसच घाण असंन, तं लेकरू निर्मळ कुठून येईन?"

केळं सोलणारीचा हात थांबला. पडद्याच्या अलीकडे पूनम उभी होती. लेकरासाठी काढलेलं दूध वाटीत घेऊन ती नर्सला द्यायला निघाली होती. तिनं सगळं ऐकलं.

कौशल्याबाई भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं विहिणीकडे पाहिलंसुद्धा नाही. लेकीला एवढंच म्हणाली, "वाटी सरळ धर माय, दूध सांडन."

बदललेलं औषध लागू पडलं. लेकराची बरगडी शांत झाली, अंग धरू लागलं. सुटी मिळाली त्या दिवशी कौशल्याबाईनं दवाखान्याच्या फाटकातच जीप उभी केली आणि लेक-नातू दोघांना थेट वांकिडीला नेलं. पहिलं बाळंतपण माहेरी हीच रीत, त्यामुळे तामसीत कुणाला काही वावगं दिसलं नाही. पूनम जीपमध्ये चढताना पाया पडली नाही, हे एकट्या मथुराबाईनं पाहिलं.

गोळ्यांची पट्टी बटव्यातच होती. घरी येताना बसमध्ये तिचा हात सारखा बटव्यावर जाई. या गोळ्या खुशालनं घेतल्या म्हणजे दुखणं खुशाललाही होतं असं ठरणार. तो चारचौघांत विचारणार, 'माय, ह्या कायच्या गोळ्या?' भगवानरावच्या मेडिकलमध्ये पट्टी दाखवणार. भगवानरावला कळलं म्हणजे तामसीला कळलं. घरी पोचल्यावर तिनं गोठ्यामागच्या शेणखताच्या खड्ड्यात हात कोपरापर्यंत घालून ती पट्टी खाली दाबली. मग हात धुतले. आणि पुन्हा धुतले.

काही दिवसांनी खुशालनं विचारलं, "माय, दवाखान्यातून मले काई गोळ्या देल्ल्या होत्या काय? पूनम फोनवर इचारून राह्यली."

"नाई रे. तुले कायले देतीन? तू का बाळंत झाला?"

खुशाल हसला. भोळा नव्हता तो, पण आईचा शब्द उलटून पाहायची त्याला सवय नव्हती. फोनवर त्यानं बायकोला तेच सांगितलं. त्यानंतर पूनमचे फोन आखूड होत गेले.

सवा महिना उलटला. बाया विचारू लागल्या, "मथुरामाय, सून कवा येते? नातवाले न्हाऊ घालाले हात शिवशिवत असतीन तुये." ती म्हणायची, "येईन ना. थंडी जाऊ द्या." थंडी गेली. मग म्हणायची, तिच्या मायची तब्येत ठीक नाही. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. एका बाईला एक सांगायची, दुसरीला दुसरं, आणि दोघी हातपंपावर भेटणार आहेत हे तिला घरी आल्यावर आठवायचं.

मेथीचे वाफे करताना खतातून ती पट्टी वर आली. सगळं कुजलं होतं, शेण, पाचोळा, कांद्याची सालं. पट्टी मात्र जशीच्या तशी चकाकत होती. तिचा नवरा भिवाजी दोन हात अंतरावर वाकून ढेकळं फोडत होता.

"काय सापडलं वं?"

"काई नाई. काच हाय."

"दे, फेकतो दूर. पायात भरन कोनाच्या."

तिनं ती कमरेला खोचली. भिवाजीनं पुन्हा विचारलं नाही. संसारात त्यानं कधीच काही दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं.

त्या आठवड्यात रैतू बाजारात शुभांगी नर्स भाजी घ्यायला आली. खुशाल चहाला गेला होता, गाड्यावर मथुराबाई एकटीच. नर्सनं तिला ओळखलं.

"अगं बाई, आजी! सांबार द्या एक जुडी. बाळ कसं हाय? केवढं झालं?"

"मजेत हाय," मथुराबाई म्हणाली. नातू केवढा झाला हे तिला माहीत नव्हतं.

"आन् पूनमताईचा त्रास? तुमच्या मुलानं गोळ्या पुऱ्या केल्या ना? मधीच सोडतात पुरुष लोक."

मथुराबाईनं कोथिंबिरीची जुडी हातात घेतली, खाली ठेवली, पुन्हा घेतली. आजूबाजूला पाहिलं. शेजारचा टमाटेवाला गिऱ्हाइकाशी हिंदीत हुज्जत घालत होता. मग ती वाकून म्हणाली, "बाई, एक इचारू? हा जंतू... बाई वाईट चालीची असली तवाच होते ना?"

शुभांगीला आधी हसू आलं. आजीचं तोंड पाहून ते विरलं.

"कोनी सांगतलं तुमाले? आजी, तो कितीतरी बायांच्या अंगात असते. चांगल्या घरच्या, संसारी. मानसांच्या बी असते. गुपचूप राह्यते, काई करत नाई. नवरा-बायकोत इकडून तिकडे जाते. कोनी कोनाले देल्ला, कवा देल्ला, हे मोठा डॉक्टर बी सांगू शकत नाई. तुमचं लेकरू आधी आलं, छाती कच्ची होती, म्हून तिथं त्याचं फावलं. नाई तं कोनाले पत्ताच लागला नसता."

"म्हंजे पूनमची काई..."

"काहीच चूक नाई. मुलाची बी नाई." शुभांगी पिशवी उघडी धरून उभी होती. "आता पाहा, तुमच्या टायमाले तपासण्या कुठं होत्या? अंगावरून पांढरं जाते म्हून किती बायांनी निस्तं सोसलं. त्यातल्या किती जणींत हाच असंन, कोन जाने. तुमच्यात बी असंन!" ती सहज म्हणाली, गंमतीनं. "किती झाले सांबाराचे?"

मथुराबाईला भाव आठवेना. "राहू द्या, बाई. राहू द्या."

नर्स गेली आणि मथुराबाई गाड्याच्या चाकाला टेकून खालीच बसली.

खुशालच्या पाठीवर तिला एक मुलगी झाली होती. दिवस भरायच्या आधीच आली. एवढीशी. छातीत घरघर घेऊनच आली आणि घरघर थांबली तेव्हा सगळंच थांबलं. त्याच्या कितीतरी आधीपासून मथुराबाईच्या अंगावरून जात होतं. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कपडे अंधारात धुवायची. पण सासूच्या नजरेतून काय सुटतं? मुलीला मातीत ठेवून माणसं परतली, आणि विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायांच्या देखत सासू म्हणाली होती, "हिची कूसच घाण हाय."

तेच शब्द. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

तेव्हापासून मथुराबाई हात धुत आली होती. लोकांच्या नखांत पाहत आली होती, लुगड्यांचे वास घेत आली होती. गावानं तिला स्वच्छ म्हणावं म्हणून दुसऱ्यांची लेकरं पायांवर घेऊन ती ऊन-ऊन पाणी ओतत आली होती, आणि इतक्या वर्षांत तिला वाटू लागलं होतं की सासूचं ते बोलणं पार वाहून गेलं. ते गेलं नव्हतं. तोंडातच होतं. पूनमसाठी ठेवल्यासारखं.

संध्याकाळी घरी आली तेव्हा भिवाजी ओट्यावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होता. ती दारातून त्याच्याकडे पाहत राहिली. जर कुणी कुणाला देतोच, तर मग यानं तर नाही? हा? जो लग्नाआधी आदिलाबादच्या पुढे गेला नव्हता, ज्याला तालुक्याच्या कचेरीतही तिलाच हात धरून न्यावं लागतं? हसू यायच्या जागी तिला रडू आलं. किती सोपं होतं संशय घेणं. आत्ता, या क्षणीही.

"काऊन वं? बस चुकली काय?"

"नाई. मी उद्या वांकिडीले जाते."

"मी येऊ?"

"नको. तुमच्यानं होनार नाई ते."

तिनं बाळंतविडा बांधला. झबलं, टोपडं, पूनमसाठी लुगडं, खोबऱ्याच्या वाट्या, डिंकाचे लाडू. बायकांना बस फुकट, त्यामुळे आसिफाबादची बस ठासून भरलेली. कंडक्टरनं आधार कार्ड पाहून शून्याचं तिकीट दिलं आणि विचारलं, "नातू बघाले काय, अम्मा?" गाठोड्यावरून त्यानं ओळखलं. तिला हो म्हणवेना.

वांकिडीला कौशल्याबाईचं किराण्याचं दुकान पुढे आणि घर मागे. अंगणात चार-पाच शेजारणी तुरीची डाळ पाखडत होत्या. विहीण दारात आली म्हटल्यावर कौशल्याबाई उठली. पाय धुवायला पाणी दिलं, पुसायला नवा पंचा दिला. कुंकू लावलं, पाट दिला, चहा आणला. एकही रीत चुकली नाही. चुकली असती तर मथुराबाईला तिथं बसणं सोपं गेलं असतं. बाळंतविडा मात्र ठेवला तिथंच राहिला, त्याला कुणी हात लावला नाही.

आतून पूनम आली, लेकरू खांद्यावर. लेकरू गुटगुटीत झालं होतं. झबलं वर सरकलेलं, तेवढ्यात मथुराबाईची नजर सवयीनं बरगड्यांवर गेली. बरगड्या संथ होत्या. तिनं नकळत हात पुढे केले.

"आंघोळ झाली त्याची," पूनम म्हणाली.

हात मागे आले.

मथुराबाईनं चहाची कपबशी बाजूला सरकवली. शेजारणी उठून जातील असं तिला वाटलं होतं. त्या उठल्या नाहीत. उठल्या नाहीत तेच बरं, असं ती मनाशी म्हणाली. व्हरांड्यातही कुणी उठलं नव्हतं.

"विहीणबाई, दवाखान्यात मी बोलली ते खोटं होतं. पूनमचा काई कसूर नाई. नर्सबाईले मी इचारलं." "मायाबी अंगावरून जात होतं, तरनेपनी. माई एक पोर अशीच छातीतून गेली. मलेबी लोकायसमोर घाण म्हनलं होतं. मी... मले माईत होतं ते कसं लागते. माईत असून बोलली."

सुपातली डाळ थांबली. एक म्हातारी शेजारीण खाली मान घालून एकटक सुपाकडे पाहत राहिली, आणि तिचे ओठ हलले.

कौशल्याबाई म्हणाली, "मले काई सांगू नका. तिले सांगा."

मथुराबाई सुनेकडे वळली. पण पूनमनं तिला बोलू दिलं नाही.

"आत्याबाई, त्याईच्या गोळ्यांचं काय झालं? फोनवर म्हनतात, माय म्हनते देल्ल्याच नाई. मी त्या नर्सताईच्या हातातून तुमच्या हातात जाताना पाह्यल्या. आता तुमी सांगा."

म्हणजे पोरीला सगळं ठाऊक होतं. इतके दिवस ती फक्त थांबली होती, ही बाई कधी खरं बोलते ते पाहत. मथुराबाईला वाटलं, घाण म्हटलं ते कबूल करणं एवढंच काम होतं, तेवढ्याचीच हिंमत बांधून ती आली होती. हे दुसरं तिनं सोबत आणलंच नव्हतं.

"खतात पुरल्या," ती म्हणाली.

"काऊन?"

"लोकं त्याले नावं ठेवतीन म्हून."

पूनम हसली, पण ते हसणं काही बरं नव्हतं. "मले ठेवली तं चालते."

लेकरू कुरकुरलं. तिनं त्याला दुसऱ्या खांद्यावर घेतलं, आत गेली आणि डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी घेऊन आली. चिठ्ठी तिनं सासूच्या हातात ठेवली.

"माया गोळ्या मी घेतल्या. त्याईनं घेतल्याबिगर मी आली, तं तेच दुखनं फिरून माया अंगात येईन, आन् फिरून माया नावानं. गोळ्या तुमीच आना. आदिलाबादहून नाई, तामसीतून. भगवानरावच्या दुकानातून. माहं नाव तुमी सगळ्यायसमोर घेतलं ना? मंग त्याईचंबी घ्या."

"पूनम!" कौशल्याबाई म्हणाली, पण दटावण्याइतका जोर तिच्या आवाजात नव्हता.

दुसऱ्या दिवशी तामसीचा बाजार. भगवानरावच्या मेडिकलसमोर गर्दी होती. कुणी खोकल्याचं औषध मागत होतं, कुणी मोबाईलवर बोलत उगाच टेकलं होतं. मथुराबाई पायरीवर उभी राहिली आणि तिचा नंबर येईपर्यंत तिनं दोनदा मागे वळून पाहिलं. कुणी ओढून नेईल तर बरं, असं तिला वाटत होतं. कुणी नेलं नाही.

भगवानरावनं चिठ्ठी वाचली, चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "माय, खुशालले पाठवा ना संध्याकाळी, मागच्या दारानं. तुमी कायले..." बोलता बोलता त्यानं गोळ्या काढल्या आणि सवयीनं जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा ओढला. बायकांच्या वस्तू तो जसा बांधून देतो तसा.

"कागद नको," मथुराबाई म्हणाली.

"अं?"

"बांधू नको. तशाच दे."

मागून एकीनं विचारलंच, "कोनाच्या गोळ्या वं मथुरामाय? बरं नाई काय?"

पायाखालची पायरी मथुराबाईला दिसेनाशी झाली. "खुशालच्या," ती म्हणाली. आवाज फाटला म्हणून पुन्हा म्हणाली, "माया खुशालच्या. पूनमनं बी घेतल्या. लेकराच्या छातीत जो जंतू निघाला ना, तो या दोघायले बी होता. कोनाची चूक नाई त्यात. मीच तिले वाईट बोलली, म्हून आली नाई ती."

खोकल्याचं औषध मागणारा माणूस उगाच बाटलीचं झाकण फिरवू लागला. पट्टी हातात तशीच उघडी धरून मथुराबाई बाजारातून चालत निघाली. मिरचीच्या ढिगांजवळून, बांगडीवाल्याजवळून, ज्यांच्या लेकरांना तिनं न्हाऊ घातलं होतं त्या बायांच्या समोरून. दोघी-तिघींनी नजर वळवली. एकीनं तोंडाला पदर लावून दुसरीच्या कानात काही सांगितलं. उद्यापासून किती घरांतून निरोप येतील, हे चालतानाच तिनं मोजायचं सोडून दिलं.

बाजाराच्या टोकाला लावलेल्या गाड्यावर खुशाल भाजीवर पाणी शिंपडत होता. तिनं पट्टी त्याच्या समोर धरली.

"ह्या तुया. तवाच देल्ल्या होत्या. मी लपवल्या."

त्यानं आईकडे पाहिलं, मग गोळ्यांकडे, मग बराच वेळ भाजीकडे. "मी इचारलं होतं, माय," एवढंच म्हणाला.

"हो."

त्यानं भाजीवर शिंपडायच्या बाटलीतलंच पाणी तोंडात घेतलं आणि पहिली गोळी गिळली. मग फोन काढून पूनमला लावला आणि न बोलता आईच्या हातात दिला.

"घेतली काय?" तिकडून पूनमनं विचारलं.

"घेतली. मायासमोर."

"दुकानात कोन कोन होतं?"

मथुराबाईनं नावं सांगितली, एकेक करून, खोकल्यावाल्यासकट. तिकडे लेकरू काही तरी बडबडत होतं.

"त्याईच्या गोळ्या सरू द्या, मंग येते," पूनम म्हणाली. "पन आत्याबाई, घंगाळ तापवून ठेवजा नुस्तं. आंघोळ मी घालीन त्याले."

"घाल, बाई," मथुराबाई म्हणाली. "मी पानी आनून देईन."